हवेत गिंबल झुकू नये म्हणून जमिनीवरची तयारी

गिंबल म्हणजे ड्रोनचा कॅमेरा स्थिर धरणारी मोटरवर चालणारी यंत्रणा. खालचे आकडे डीजेआय मिनी २ या ड्रोनचे आहेत; तयारीचा क्रम बाकी तीन अक्षांच्या (तिन्ही दिशांना फिरणाऱ्या) गिंबललाही लागू पडतो. आदल्या रात्री ड्रोन बंद ठेवून कॅमेरा बोटाने हलकेच तिन्ही दिशांना फिरवून पाहा. कुठे अडकत असेल, तर मोटरजवळ वाळू किंवा गवताची काडी असू शकते. मऊ ब्रशने काढा. जोरात फुंकर मारू नका, कण आणखी आत जातात. थरथर शोषणारे रबरी डॅम्पर जागेवर आहेत का तेही बघा. एखादा निसटला असेल तर कॅमेरा कायम एका अंगाला कलतो आणि कितीही कॅलिब्रेशन (अॅपमधून गिंबलची सरळ पातळी पुन्हा ठरवणे) केले तरी सुधारत नाही. पात्यांच्या कडा बोटाने चाचपा. टवका उडालेले पाते थरथर निर्माण करते आणि ती थेट चित्रात उतरते.

एनडी फिल्टर (कॅमेऱ्यात जाणारा प्रकाश कमी करणारी काच) लावायचा तर त्याच मॉडेलसाठी बनवलेला, हलका घ्या आणि ड्रोन सुरू करण्याआधीच लावा. जड काचेने तोल पुढे जातो, मोटर सतत जोर लावत राहते आणि ‘गिंबल मोटर ओव्हरलोड’ची सूचना येते. गिंबलचे कव्हर तसेच ठेवून ड्रोन सुरू केला तरी हीच सूचना येते. नेहमी घडणारी चूक हीच.

जागेवर पोचल्यावर उंच गवतात किंवा उतारावर ड्रोन ठेवू नका. लँडिंग पॅड नसेल तर बॅगेचे सपाट झाकण चालते. ड्रोन सुरू केल्यावर गिंबल स्वतःला तपासून घेतो, तेवढा वेळ हात लावू नका. मग पाती बंद असतानाच ड्रोन उचलून वीसेक अंश डावी-उजवीकडे कलवा. क्षितिज सरळ राहिले पाहिजे. कॅमेरा एका ठराविक कोनात झटका देत असेल तर आतली चपटी केबल दुखावलेली असण्याची शक्यता मोठी. ते काम दुरुस्तीवाल्याचे. क्षितिज नुसतेच तिरके असेल तर अॅपच्या सेटिंग्जमधल्या ‘कंट्रोल’मध्ये जाऊन सपाट जागी गिंबल कॅलिब्रेट करा. तिथेच गिंबलचा मोड ‘फॉलो’ (क्षितिज सरळ ठेवणारा) आहे ना, तेही पाहा. ‘एफपीव्ही’ मोडमध्ये ड्रोन कलला की चित्रही कलते. तो बिघाड नव्हे.

अचानक खाली-वर होणाऱ्या कॅमेऱ्याचे कारण बरेचदा रिमोटच्या डाव्या डायलवर टेकलेले बोट असते.

वारा मात्र सेटिंगने सुटत नाही. स्पोर्ट मोडमध्ये, आणि जोराच्या वाऱ्यात नॉर्मल मोडमध्येही, ड्रोन ४० अंशांपर्यंत कलतो, तर गिंबलच्या रोल अक्षाची, म्हणजे डावी-उजवीकडे कलण्याची, यांत्रिक मर्यादा ३५ अंशच आहे. ड्रोन डावीकडे किंवा उजवीकडे वेगात नेलात तर गिंबल टोकाला जाऊन टेकतो. वेगात गोल फेऱ्या मारल्यावरही क्षितिज काही काळ तिरके राहते, कारण वळताना बसणारी ओढ सेन्सरला गुरुत्वाकर्षणासारखीच भासते. अशा वेळी दहा-पंधरा सेकंद एका जागी स्थिर थांबा, मग पुढचा शॉट घ्या.