कॉर्सेटचा इतिहास लिहिताना आणि रंगमंचावर दाखवताना या चुका टाळा

युरोपीय स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचा, विशेषतः ताठ पट्ट्या घालून नाडीने धड आवळणाऱ्या कॉर्सेटचा, इतिहास आपल्याकडे सहसा दोनच प्रसंगी लागतो. एक, फॅशन डिझाइनच्या विद्यार्थ्याला प्रकल्प लिहायचा असतो. आणि दुसरा, कंपनी सरकारच्या किंवा राणीच्या राजवटीतील मडमसाहेब नाटकात वा मालिकेत उभी करायची असते. दोन्ही ठिकाणी चुका मात्र त्याच होतात, कारण माहितीचा आधारही तोच असतो: त्या काळची व्यंगचित्रे, कॉर्सेटविरोधी प्रचारकांची भाषणे, उत्पादकांच्या जाहिराती आणि सिनेमातील तो ठरलेला प्रसंग, ज्यात नायिका पलंगाच्या खांबाला धरून उभी असते आणि दासी पाठीमागून सारे बळ लावून नाड्या ओढत असते. जे कॉर्सेट प्रत्यक्ष शिल्लक आहेत, ते कसे बेतले आहेत, कुठे झिजले आहेत आणि कुठे ठिगळ लावले आहे हे पाहिले, तर यांपैकी बऱ्याच समजुती टिकत नाहीत.

चारशे वर्षांचे एकच वस्त्र मानू नका

सर्वांत महागात पडणारी चूक कालखंडाची आहे. फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा दि तोलेदो १५६२ मध्ये वारली. तिच्या थडग्यात मिळालेल्या मखमली अंगीत एकही ताठ पट्टी नव्हती. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या १६०३ मधील अंत्ययात्रेसाठी जो पुतळा केला होता, त्याच्या अंगीत मात्र देवमाशाच्या पट्ट्या ओवलेल्या आहेत. अठराव्या शतकातील ‘स्टेज’ (इंग्रजीत stays) नावाचे वस्त्र उलट्या शंकूच्या आकाराचे असे. ते समोरून सपाट असून छातीला वर उचलून धरी, आणि कमरेखाली त्याच्या कापलेल्या पाकळ्या नितंबांवर पसरत. १८०० च्या सुमारास झग्याची कंबररेषा थेट छातीखाली सरकली, तेव्हा कंबर आवळण्याला फारसा अर्थच उरला नाही. ज्याला आपण सर्रास ‘कॉर्सेट’ म्हणतो तो डमरूचा आकार त्यानंतरचा, म्हणजे साधारण १८३० पासून पुढचा आहे. आणि १९०० च्या आसपास तोही जाऊन समोरून सरळ, छाती पुढे व नितंब मागे ढकलणारा आकार आला.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की झग्याआधी त्याखालचे वस्त्र ठरवावे लागते. सवाई माधवरावांच्या काळात पुण्याच्या रेसिडेन्सीत आलेली इंग्रज स्त्री आणि १८५७ मध्ये छावणीत राहणारी इंग्रज स्त्री यांना एकच कॉर्सेट चढवला, तर वरचा झगा कितीही अभ्यासून शिवलेला असला तरी अंगावर खोटा दिसतो; आणि प्रेक्षकाला नेमके काय खटकते ते सांगता आले नाही, तरी खटकते हे नक्की.

जुने वस्त्र किंवा त्याचे छायाचित्र ओळखायचे असेल, तर आधी नाडीची भोके पाहावीत. अठराव्या शतकात ती दोऱ्याने हाताने काजे करतात तशी बांधलेली असत, आणि दोन्ही कडांची भोके समोरासमोर नसून थोडी वरखाली असत, कारण एकच नाडी नागमोडी ओवली जाई. धातूच्या कड्या बसवलेली भोके १८२० च्या दशकापासून पुढे दिसू लागतात. समोर उघडणारी दुभंगलेली धातूची पट्टी, जिला ‘बस्क’ म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. तिच्यामुळे स्त्रीला दासीशिवाय स्वतःचा कॉर्सेट चढवता आणि उतरवता येऊ लागला, ही गोष्ट दासी व पलंगाचा खांब रंगवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

वस्त्रावरचा आकडा म्हणजे कंबर नव्हे

‘त्या काळी स्त्रियांची कंबर अठरा इंच असे’ हे वाक्य इतक्या लेखांत आढळते, की ते तपासावे असे कोणाच्या मनातही येत नाही. एकोणिसाव्या शतकात कॉर्सेट ज्या मापाने विकला जाई, ते माप मागच्या दोन्ही कडा पूर्ण जुळलेल्या असतानाचे असे. प्रत्यक्षात मात्र पाठीवर दोन-तीन इंचांची फट ठेवून तो बांधत. म्हणजे २२ इंचांचा कॉर्सेट अंगावर २४ किंवा २५ इंचांचा होतो, आणि कमरेचा मऊ भाग दोन-तीन इंच सहज आत जात असल्याने तीच स्त्री कॉर्सेट उतरवल्यावर २७ इंचांच्या आसपास असू शकते. संग्रहालयातील वस्त्राला फीत लावून घेतलेला आकडा आणि जिवंत माणसाची कंबर यांच्यात एवढे अंतर असते.

शिवाय जे टिकून राहिले ते सर्वसाधारण होते असे नाही. रोज वापरलेला कॉर्सेट घामाने आणि वाकण्याने झिजून फेकला जाई, किंवा त्याच्या पट्ट्या काढून दुसऱ्यात घातल्या जात. पेटीत जपून राहतात ती लग्नाची, तरुणपणीची आणि फारशी न वापरलेली वस्त्रे. ती लहान मापाची असण्याचाच संभव अधिक. त्या काळच्या छायाचित्रांवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, कारण छायाचित्रकार काचेच्या निगेटिव्हवर कमरेची कड खरवडून किंवा रंगवून ती बारीक करून देत. आणि ‘माझ्या शाळेत कंबर पंधरा इंचांवर आणली जाई’ अशा धाटणीची जी पत्रे १८६० च्या दशकाच्या अखेरीस एका इंग्रजी स्त्री-मासिकात निनावी छापून येत, त्यांतील बरीच पत्रे आवळण्याच्या विकृत ओढीतून रचलेली असावीत असे अभ्यासकांना वाटते. ती पुरावा म्हणून देणे म्हणजे आजच्या समाजमाध्यमांवरील बढाया शंभर वर्षांनी जनगणना म्हणून वाचण्यासारखे होईल.

कंबर बारीक दिसण्याचे खरे श्रेय बहुतेक वेळा भोवतालच्या गोष्टींना जाते. १८५० च्या दशकात आलेला पोलादी कड्यांचा घेरदार सांगाडा, १८३० आणि १८९० च्या दशकांतील फुगीर बाह्या, नितंबांवर आणि छातीत घातलेली कापसाची किंवा केसांची भरती, या साऱ्यांनी कमरेच्या दोन्ही बाजू वाढत, आणि मधला भाग आपोआप बारीक भासे. नाटकातल्या नटीची कंबर चार इंच आवळण्यापेक्षा तिच्या नितंबांवर भरती घालणे अधिक इतिहासाला धरून आहे, आणि अर्थात अधिक दयाळूपणाचेही आहे.

फासळ्या, लोखंडी कॉर्सेट आणि इतर कहाण्या

कंबर बारीक करण्यासाठी स्त्रिया फासळ्या काढून घेत, या कथेला एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही शस्त्रक्रियेच्या नोंदीचा आधार नाही. ब्रिटिश शल्यवैद्य लिस्टर याची जंतुनाशक पद्धत १८६७ ची. त्याआधी, आणि नंतरही बराच काळ, शरीर उघडणे हा जिवाशी खेळ होता. सोळाव्या शतकातील फ्रान्सची राणी कॅथरीन द मेडिसी हिने फ्रेंच दरबारात तेरा इंचांची कंबर सक्तीची केली, हीसुद्धा मागाहून जोडलेली गोष्ट आहे. जे लोखंडी कॉर्सेट संग्रहालयांत दिसतात, ते बहुधा वाकडा कणा सरळ धरण्यासाठी केलेले असावेत. आंब्रोआज पारे या सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यवैद्याने अशा उपयोगाचे वर्णन केले आहे.

तो केवळ श्रीमंतांचा नव्हता, आणि केवळ पुरुषांनी लादलेलाही नव्हता

इंग्लंडमधील मार्केट हार्बरो या गावच्या सायमिंग्टन कंपनीने १८९० च्या सुमारास ‘प्रिटी हाउसमेड’ या नावाने जो कॉर्सेट काढला, तो नावाप्रमाणेच घरकाम करणाऱ्या मोलकरणींसाठी होता: स्वस्त, दणकट, आणि वाकून फरशी घासणारीला चालेल असा. कमरेला बांधलेल्या अनेक परकरांचे वजन पेलायला आणि छातीला आधार द्यायला दुसरे काही साधन नव्हते, हे ध्यानात घेतल्याशिवाय कष्टकरी स्त्रियांनी तो का घातला हे कळत नाही.

पट्ट्या देवमाशाच्या हाडाच्या असत, हाही एक गैरसमज आहे. त्या असत त्याच्या जबड्यातून लोंबणाऱ्या, पाण्यातून भक्ष्य गाळून घेणाऱ्या पात्यांच्या, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याच्या. अंगाच्या उष्णतेने त्या हळूहळू शरीराचा आकार घेत. शिकारीमुळे देवमासे घटले आणि हा माल महाग झाला, तेव्हा पोलाद आले, आणि पर्यायांची चढाओढ सुरू झाली. अमेरिकेत ब्रिजपोर्टच्या वॉर्नर बंधूंनी वनस्पतीच्या धाग्यांपासून ‘कोरलाइन’ काढले, तर मिशिगनमधील थ्री ओक्स गावी १८८३ मध्ये टर्कीच्या पिसांच्या दांड्यांपासून ‘फेदरबोन’ तयार झाले. हे वॉर्नर बंधू दोघेही डॉक्टर होते आणि त्यांतला एक आधी कॉर्सेटच्या दुष्परिणामांवर व्याख्याने देत फिरे. विरोधातून धंदा कसा उभा राहतो याचा तो नमुनाच म्हणायचा.

अठराव्या शतकात स्टेज शिवणारे शिंपी बहुतेक पुरुष होते हे खरे. पण १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कॉर्सेटसाठी पदक मिळवणारी रॉक्सी अॅन कॅप्लिन ही स्त्री होती, आणि इंग्लंडचा चौथा जॉर्ज स्वतःचे पोट आवरायला कॉर्सेट घालत असे.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका

अलीकडे या गैरसमजांचे खंडन करण्याच्या भरात कॉर्सेट अगदी निरुपद्रवी होता असे लिहिण्याची लाट आली आहे, आणि तीही तितकीच आंधळी आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ झ्योमरिंग याने १७८८ मध्येच त्याच्या परिणामांवर प्रबंध लिहिला होता. पुढे १९०८ मध्ये फ्रेंच डॉक्टर ओफोलोवेल याने घट्ट बांधलेल्या स्त्रियांची क्ष-किरण चित्रे प्रसिद्ध केली, त्यांत खालच्या फासळ्या आत ओढल्या गेलेल्या दिसतात. बेताने बांधणारी आणि हट्टाने आवळणारी अशा दोघीही तेव्हा होत्या. लेखात कोणत्या स्त्रीविषयी बोलतो आहोत ते सांगावे.

ब्रा आली आणि कॉर्सेट गेला, असे एका वर्षात झाले नाही

मेरी फेल्प्स जेकब हिला १९१४ मध्ये पेटंट मिळाले, म्हणून ब्रा त्या वर्षी जन्मली असे लिहिले जाते. परंतु पॅरिसच्या एर्मिनी कादोल हिने १८८९ मध्ये, आणि अमेरिकेच्या मारी टुचेक हिने १८९३ मध्ये असे प्रयत्न केले होते. आणि ऑस्ट्रियातील लेंगबर्ग किल्ल्यात २००८ मध्ये जे लिननचे (जवसाच्या धाग्याचे) कपडे सापडले, त्यांतील काही छातीच्या दोन वाट्या असलेले पंधराव्या शतकातील आहेत. कंबर आवळणेही संपले नाही: १९२० च्या दशकात कंबर-नितंब आवळणारे रबरी पट्टे, म्हणजे गर्डल, आले, १९४७ मध्ये फ्रेंच फॅशन डिझायनर डिओरने बारीक कंबर पुन्हा मिरवली, आणि १९५८ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत लायक्रा तयार झाल्यावर तेच काम ताणल्या जाणाऱ्या कापडाने करायला सुरुवात केली.

जाता जाता, चोळीला ‘भारतीय कॉर्सेट’ म्हणण्याचा मोह आवरावा. चोळी छातीला आधार देते ती कापडाच्या बेताने आणि समोरच्या गाठीने. तिच्यात ताठ पट्टी नसते आणि कमरेच्या वरच ती संपते.

शिवलेला कॉर्सेट त्रास देत असेल तर

नटीला दम लागत असेल, तर नाडी सैल करण्याआधी बेत तपासावा. आपल्याकडे सर्व मापांतून सरसकट तीन-चार इंच कमी करून कापड कापले जाते. घट करायची ती केवळ कंबररेषेवर. फासळ्यांचे आणि नितंबांचे माप पूर्ण ठेवावे. बांधल्यावर पाठीची फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली पाहिजे. ती खाली रुंदावत असेल तर नितंबांवर कापड अपुरे आहे, वर रुंदावत असेल तर छातीवर.

कंबरेवर आडव्या सुरकुत्या पडत असतील तर कापड ताणते आहे. मांजरपाटाऐवजी घट्ट विणीचे ड्रिल कापड घ्यावे आणि कंबररेषेवर आतून न ताणणारी फीत शिवावी. पट्ट्या टोचत असतील तर त्या आपल्या खोबणीपेक्षा पाव इंच आखूड कापून टोके घासून गोल करावीत. इलेक्ट्रिकच्या दुकानातील रुंद केबल टाय या कामाला चांगले चालतात. नाडीची भोके फाटत असतील, तर ती कापून पाडलेली असतात हे बहुधा कारण असते. दाभणाने धागे बाजूला सारून भोक पाडावे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी घालावी.

कॉर्सेट उघड्या अंगावर कधीही घालू नये. आत पातळ सुती शमीज असते, ती घाम शोषते आणि धुता येते. कॉर्सेट क्वचितच धुतला जाई. मोजे आणि बूट कॉर्सेटच्या आधी घालावेत, कारण नंतर वाकणे कठीण जाते. चढवताना मागची नाडी पूर्ण सैल करून समोरची बस्क वरून दुसऱ्या आकड्यापासून लावायला घ्यावी, मग कमरेशी सोडलेले नाडीचे दोन फास बाहेर ओढून गाठ मारावी. उतरवताना क्रम उलटा असतो. नाडी सैल न करता बस्क उघडायला गेले की आकडे वाकतात. म्हणून दोन प्रवेशांमध्ये झटपट कपडे बदलायचे असतील, तर मागची नाडी सोडायला एक माणूस विंगेत आधीपासून नेमून ठेवावा.