मेमरी कार्ड: कॅमेऱ्याला झेपेल तेवढंच घ्या, पण अस्सल घ्या

अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, हार घातले जातात. हे सगळं पंधरा-वीस सेकंदांत उरकतं. फोटो काढणाऱ्याचं बोट शटरवर दाबलेलंच असतं आणि नेमका तेव्हाच कॅमेरा अडतो. छोटा लाल दिवा लुकलुकत राहतो, पण शटर काही पडत नाही. कॅमेरा बिघडलेला नसतो. काढलेला फोटो आधी बफरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीत जातो आणि तिथून कार्डावर उतरतो. बफर तुडुंब भरला, की कार्ड तो ज्या वेगाने उपसेल त्याच वेगाने पुढचे फोटो निघतात.

सोनी ए६४००चा हिशेब मांडून बघा. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, सेकंदाला ११ फोटो, एक कॉम्प्रेस्ड रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला, थोडा आवळून साठवलेला फोटो, साधारण २५ एमबीची. म्हणजे दर सेकंदाला २७५ एमबी माल बफरमध्ये येऊन पडतो. ४५ च्या आसपास फोटो झाले, की जागा संपते. सलग दाबलं तर जेमतेम चार सेकंद. हा ११५० एमबीचा ढीग सेकंदाला ३० एमबी लिहिणारं कार्ड उपसायला ३८ सेकंद घेतं, ८० एमबी लिहिणारं १४ सेकंद. मग दुप्पट-तिप्पट पैसे मोजून २५० एमबीवालं कार्ड घेतलं तर? या कॅमेऱ्यात उपयोग शून्य, कारण त्याचा स्लॉट, म्हणजे कार्ड बसवायची खाच, यूएचएस-वन या कमी वेगाच्या प्रकारची आहे.

म्हणून दुकानात जाण्याआधी कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशनचं पान उघडा आणि स्लॉट कुठला ते बघा. यूएचएस-वनची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, यूएचएस-टूची ३१२. कार्डावर हे बारीक रोमन एक किंवा दोन असं छापलेलं असतं. यूएचएस-टूचं कार्ड उलटं केलं, की मागे सोनेरी पट्ट्यांची दुसरी ओळ दिसते. ते यूएचएस-वनच्या स्लॉटमध्ये चालतं, फक्त वेग वनचाच मिळतो. दोन स्लॉटच्या कॅमेऱ्यात आणखी एक खोच असते. सोनी ए७ थ्रीमध्ये पहिला स्लॉट टू आहे, दुसरा वन. दोन्हींवर एकाच वेळी लिहायचं सेटिंग ठेवलं, की वेग हळू कार्डाचाच मिळणार. तरीही लग्नासारख्या पुन्हा न होणाऱ्या कामाला दोन्हींवर लिहावं. दोन-चार सेकंद जास्त थांबलेलं परवडतं. काही महागड्या कॅमेऱ्यांमध्ये सीएफएक्स्प्रेस हे वेगळ्या प्रकारचं, जास्त वेगवान कार्ड लागतं. त्यात टाइप ए आणि टाइप बी यांचा आकारच वेगळा असतो, एकाच्या जागी दुसरं बसत नाही.

आता कार्डाचा दर्शनी भाग. ठळक अक्षरांत १७० किंवा २०० लिहिलेलं असतं, तो वाचण्याचा वेग, तोही बहुतेक वेळा त्याच कंपनीच्या खास रीडरमध्ये, म्हणजे कार्ड कॉम्प्युटरला जोडायच्या उपकरणात मिळणारा. कॅमेऱ्याचं काम लिहिण्याचं. तो आकडा पाकिटाच्या मागे, बारीक टायपात सापडतो, कधी सापडतच नाही. मग भरवसा ठेवायचा तो चिन्हांवर. व्ही ३०, व्ही ६०, व्ही ९० याचा अर्थ सलग लिहिताना वेग सेकंदाला अनुक्रमे ३०, ६०, ९० एमबीच्या खाली जाणार नाही. वर्तुळातला १० म्हणजे १० एमबी, यू १ म्हणजेही १० आणि यू ३ म्हणजे ३०. ए १ आणि ए २ ही चिन्हं मोबाइलमध्ये ॲप चालवण्यासाठी आहेत, कॅमेऱ्यासाठी त्यांचे जादा पैसे मोजू नका.

व्हिडिओवाल्यांचा घोळ वेगळाच असतो. कॅमेऱ्यात १०० एमबीपीएस दिसलं, की सेकंदाला १०० एमबी लिहिणारं कार्ड हवं असं वाटतं. पण एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट आणि कार्डावरचं एमबी म्हणजे मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ ने भागायचं. १०० एमबीपीएस म्हणजे साडेबारा एमबी, व्ही ३० कार्डाला ते सहज झेपतं. ४०० एमबीपीएस असेल तर ५० एमबी, तिथे व्ही ६० लागेल. काही कॅमेरे हिशेब न बघता चिन्ह बघतात. ए६४०० मध्ये १०० एमबीपीएसचं रेकॉर्डिंग यू ३ लिहिलेल्या कार्डाशिवाय सुरूच होत नाही.

जागेचं म्हणाल तर ६४ जीबीत २५ एमबीच्या अडीच हजारांच्या आसपास रॉ फाइली बसतात, किंवा १०० एमबीपीएसचा सुमारे ८५ मिनिटांचा व्हिडिओ. २५६ च्या एका कार्डापेक्षा ६४ ची चार बरी, एक गेलं तरी सगळं लग्न जात नाही. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी, त्यावरची एसडीएक्ससी. फार जुना कॅमेरा एसडीएक्ससी ओळखत नाही, तेव्हा त्यावर हे चिन्ह आहे का ते बघून घ्या. मायक्रो एसडी ॲडॉप्टरमध्ये घालून वापरू नका. जोडणीची एक जास्तीची जागा म्हणजे सुटण्याची एक जास्तीची जागा.

वेगापेक्षा मोठं दुखणं नकली कार्डांचं. आतली चिप असते ८ जीबीची आणि कार्डातला कंट्रोलर, म्हणजे कॅमेऱ्याशी बोलणारा भाग, सांगतो ६४. पहिले ८ जीबी झकास भरतात. पुढचे फोटो एकतर जुन्यांवर लिहिले जातात किंवा कुठेच लिहिले जात नाहीत. फाइलचं नाव दिसतं, आकार दिसतो, उघडायला गेलं की काही नाही. ब्रँडचं छापील नाव आणि पाकीट बघून हे कळत नाही, नकली माल करणारे तेही हुबेहूब करतात. बाजारभावाच्या निम्म्यात मिळालं, तर संशय घ्या. कार्ड बिलासकट, अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि परत करायची मुदत संपण्याआधी पूर्ण तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ३ हे फुकट प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताडून पाहतात. ६४ जीबीला चांगल्या रीडरमध्ये अर्धा तास धरा, यूएसबी २.० च्या जुन्या रीडरवर नुसतं लिहायलाच त्याहून जास्त वेळ जाईल. विंडोज ६४ च्या जागी ५९.६ दाखवतं, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. ती मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे.

तपासून झालं, की कार्ड ज्या कॅमेऱ्यात वापरायचं त्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. प्रत्येक कामानंतर फोटो दोन ठिकाणी उतरवले, उघडून पाहिले, की पुन्हा कॅमेऱ्यात फॉरमॅट. लाल दिवा लुकलुकत असताना झाकण उघडू नका, बॅटरी काढू नका. लिहिणं अर्धवट तुटलं, तर ती एक फाइलच नाही, कधी कधी सगळी यादी बिघडते. सोनेरी पट्ट्या कोरड्या, मऊ कापडाने पुसा. खोडरबराने घासल्या तर मुलामा जातो.

कार्ड ‘लॉक्ड’ सांगत असेल तर डाव्या कडेची छोटी खिट्टी बघा, खिशातून काढताना ती खाली सरकते. तुटून पडली असेल, तर त्या खाचेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून एकदा काम भागवा, फोटो उतरवा आणि कार्ड बदला.

फोटो चुकून पुसले गेले, तर त्या क्षणापासून त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. कार्ड बाहेर काढून खिट्टी लॉक करा. माहिती बहुधा अजून तिथेच असते, फक्त तिची नोंद गेलेली असते. फोटोरेक हा फुकट प्रोग्राम ती शोधून काढतो. सापडलेल्या फाइली कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवा, त्याच कार्डावर मुळीच नको. नावं गेलेली असतील, तारखेवरून लावून घ्यावी लागतील.

कार्डांवर मार्करने १, २, ३ असे आकडे घाला. ‘कार्ड एरर’ एकदा आला तर पट्ट्या पुसून पुन्हा पूर्ण तपासणी करा. त्याच आकड्याच्या कार्डावर दुसऱ्यांदा आला, तर ते कामातून काढा.