टोकामॅकची भिंत आधी नीट वाळवा, मगच बोरॉन द्या

टोकामॅक म्हणजे चुंबकांनी प्लाझ्मा, म्हणजे अतिशय तापलेला विद्युतभारित वायू, धरून ठेवणारं फ्यूजनचं यंत्र. त्याचं व्हेसल, म्हणजे आतलं निर्वात भांडं, उघडून काम झालं, झाकण लावलं, पंप सुरू झाले की लगेच सगळ्यांना बोरोनायझेशन, म्हणजे भिंतीवर बोरॉनचा पातळ थर चढवणं, करायचं असतं, कारण त्याने प्लाझ्मा सुधारतो हे माहीत असतं. पण भिंतीत पाणी मुरलेलं असताना बोरॉन दिलात तर तो थर भिंतीतलाच ऑक्सिजन पिऊन भरून जातो आणि शॉटच्या वेळी, म्हणजे प्रयोगासाठी प्लाझ्मा पेटवतो तेव्हा, त्याच्यात काही दम उरत नाही.

भिंत एवढी महत्त्वाची का, तर एका चौरस मीटरवर अणूंचा एकच थर बसला तरी त्यात साधारण १० चा १९ वा घात एवढे अणू असतात, आणि एक घनमीटर प्लाझ्मातही कण तेवढेच किंवा फार तर दहापट. म्हणजे भिंतीने नुसती वरची साय सोडली तरी प्लाझ्माची डेन्सिटी, म्हणजे घनता, तुमच्या हातात राहत नाही.

आधी लीक बघा. आरजीएवर, म्हणजे आत उरलेले वायू वस्तुमानाच्या आकड्यांनी दाखवणाऱ्या उपकरणावर, २८ चा पीक (नायट्रोजनचा) दिसला म्हणून लगेच हवा आत येतेय असं धरू नका, तो कार्बन मोनॉक्साइडही असू शकतो. १४ (नायट्रोजन), ३२ (ऑक्सिजन) आणि ४० पण सोबत बघा. त्यातही माझा भरवसा ४० वर, म्हणजे आरगॉनवर, कारण ऑक्सिजन तापलेल्या भिंतीत खपून जातो पण आरगॉनला कोणी धरून ठेवत नाही.

मग बेकिंग, म्हणजे भिंत तापवून तिच्यातलं पाणी बाहेर काढणं. तापमान किती न्यायचं ते आतल्या सगळ्यात नाजूक भागावर ठरतं. इटरमध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय टोकामॅकमध्ये, आतल्या भिंतीसाठी २४० आणि डायव्हर्टरसाठी (प्लाझ्मातून बाहेर पडणारी उष्णता आणि कण झेलणारा भाग) ३५० अंश सेल्सिअस धरलेत. हळूहळू वाढवा. १८ चा पीक, म्हणजे पाणी, आधी वर चढतो, बघून घाबरायला होतं, पण ते चांगलंच आहे, बाहेर येतंय म्हणून दिसतंय. तो उतरून सपाट झाला की मगच थांबायचं. आणि हो, एखादा पोर्ट थंड राहिला असेल तर सगळं पाणी तिथे जाऊन बसतं, म्हणून प्रत्येक थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) स्वतः बघा, सरासरीवर जाऊ नका.

आता ग्लो, म्हणजे कमी दाबाच्या वायूत विजेने मंद प्लाझ्मा पेटवून भिंत साफ करणं. मॅग्नेट बंद, अ‍ॅनोडवर काहीशे व्होल्ट, भिंत कॅथोड. पेटवताना प्रेशर जरा जास्त लागतं, पेटला की कमी करा. व्ह्यूपोर्टमधून हायड्रोजनचा फिकट गुलाबी उजेड सगळीकडे सारखा पसरलेला दिसला पाहिजे, करंट मधेच उसळत असेल तर कुठेतरी आर्क (ठिणगी) होतंय, करंट खाली आणा. हायड्रोजन किंवा ड्युटेरियम भिंतीतला ऑक्सिजन आणि कार्बन पाणी, मिथेन असल्या वायूंच्या रूपात काढतो आणि पंप ते ओढून नेतात. त्यानंतर हेलियम, कारण आता भिंतीत हायड्रोजन भरलाय, तो काढायचाय. हेलियम उगाच तासन्‌तास चालवू नका, तो स्वतः भिंतीत घुसतो आणि धातूही खरवडतो.

आता बोरॉन. तो ज्या वायूतून देतात तो डायबोरेन विषारी आहे आणि हवेत आपोआप पेटू शकतो, त्यामुळे डिटेक्टर, एक्झॉस्टची व्यवस्था आणि हॉल रिकामा, हे तिन्ही झाल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, इथे तडजोड नाहीच. हेलियमच्या ग्लोमध्ये डायबोरेन थोडाथोडा सोडतात आणि साधारण १०० नॅनोमीटरच्या आसपासचा थर बसतो, अ‍ॅनोड आणि गॅस इनलेटजवळ जाड, लांब कोपऱ्यात पातळ. हा थर हायड्रोजनने भरलेला असतो, म्हणून शेवटी पुन्हा हेलियम ग्लो. हा शेवटचा ग्लो बरेच जण उरकून टाकतात आणि मग पहिल्याच शॉटला गॅस बंद करूनही डेन्सिटी चढत राहते.

काम जमलं की नाही ते पहिल्या काही शॉट्समध्ये कळतं: वर्णपटातल्या ऑक्सिजनच्या रेषा मंदावलेल्या, रेडिएटेड पॉवर (प्रकाशरूपाने वाया जाणारी ऊर्जा) उतरलेली, एच-अल्फा (हायड्रोजनचा लाल प्रकाश) कमी. हे कायमचं नसतं, डायव्हर्टरवर जिथे उष्णता जास्त पडते तिथला थर आधी जातो. टंगस्टनच्या मशीनमध्ये हे जास्त जाणवतं, कारण टंगस्टन प्लाझ्मात लाखात दोन-चार अणू गेला तरी रेडिएशनने ऊर्जा खाऊन टाकतो. इटरनेही २०२३ मध्ये भिंतीसाठी बेरिलियमऐवजी टंगस्टनचा रस्ता धरल्यावर बोरोनायझेशन आराखड्यात आणलं.

सुपरकंडक्टिंग मशीन असेल तर दोन शॉट्सच्या मधे चुंबकीय फील्ड चालूच असतं, त्यात नेहमीचा ग्लो चालत नाही, तिथे रेडिओ लहरींनी प्लाझ्मा पेटवून भिंत साफ करतात. आणि लांब मोहीम असेल तर चालू शॉटमध्ये वरून बोरॉनची पावडर सोडायची सोय आधीच करून ठेवा, म्हणजे थर झिजला की दरवेळी मशीन थांबवून डायबोरेनचा खटाटोप करावा लागत नाही.