स्वस्तातले इअरबड्स घेताना डग्गा ऐका

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघतो. ऑफिस आणि मागांच्या मधे एक पत्र्याचं दार, त्यामुळे दिवसभर खटाखट. त्यावर उतारा म्हणून नवी पेठेतून दीड हजाराचे इअरबड्स घेतले, खोक्यावरचं ठळक 'ईएनसी' वाचून. दुकानदार म्हणाला, "घ्या की, बाहेरचा आवाज बंद!" बंद झाला, पण बायकोसाठी. फोनवर तिला माग ऐकू येईनासे झाले, माझ्या कानात तसेच.

तर ईएनसी माइकसाठी, पलीकडच्या माणसाच्या सोयीचं. आपल्या कानासाठी असतं ते एएनसी. तेही एसटीच्या इंजिनासारखी एकसुरी घरघर कमी करतं. मागाची खटखट त्याला फारशी आवरत नाही. ती अडवतं बडच्या टोकाचं, कानात बसणारं रबर.

म्हणून पहिलं काम रबराचं. खोक्यात बहुधा तीन मापं येतात आणि लोक आधीपासून लावलेलं मधलंच वापरत राहतात. तबल्याचं गाणं लावा आणि बड बोटानं हलकेच आत दाबा. दाबल्यावर डग्गा एकदम भरून आला तर फट राहतेय, मोठं रबर लावा. दोन्ही कान सारखे असतीलच असं नाही. मला डावीकडे मोठं लागतं, उजवीकडे मधलं. "मामा, बेसच नाय बे यात," म्हणत परत द्यायला निघालेला भाचा एवढ्यावर थांबला.

दुकानात ऐकायला मिळालं तर त्यांचं धडाड-धूम गाणं नको, त्यात सगळंच भारी वाटतं. स्वतःचं, तोंडपाठ गाणं लावा. डग्ग्याचा घुमारा सुटा राहतो की गायकावर सोलापुरी चादरीसारखा पसरतो? चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा 'ना' टणक येतो का? 'स', 'श' टोचतात का? स्वस्त बड्समध्ये बेस बऱ्याचदा मुद्दाम फुगवलेला असतो. ॲपमध्ये इक्वलायझर असेल तर तो थोडा उतरवा, गळा पुढे येतो. 13 एमएमचा ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) 10 एमएमपेक्षा चांगलाच, हे मात्र विसरा. एलडीएसी, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यानं आवाज पाठवायची पद्धत, त्यासाठी जादा पैसेही नकोत. आयफोनवर ते चालतच नाही.

लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. बड बिघडलेला नसतो. माइक चालू झाला की ब्लूटूथ हलक्या दर्जाच्या आवाजावर उतरतं. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, कानातला आवाज सुधारतो.

खोक्यावरचे बॅटरीचे '40 तास' म्हणजे चार्जिंगच्या केससकट. एका दमात पाच-सहा धरा, एएनसी लावलं तर कमी. मे महिन्यात केस गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडचा उन्हाळा बॅटरी खातो. आयपीएक्स4, म्हणजे शिंतोड्यांपासून बचाव, घामापुरतं ठीक, पण ते बडचं. केस भिजवू नका.

नुसतं घरी बसून गाणी ऐकायची असतील तर मी पाच-सहाशेचा वायरवाला घ्या म्हणेन. त्या पैशात बॅटरी, ब्लूटूथ, केस काही नसतं, सगळा खर्च आवाजावर. रात्री मी तोच लावतो.

गेल्या महिन्यात डावा बड मंदावला. गेला म्हणून नवीन बघत होतो, तर जाळीवर कापसाचे तंतू आणि कानातला मळ. रबर काढा, जाळी खाली धरा आणि कोरड्या, मऊ टूथब्रशनं झाडा. पाणी नको, टाचणी तर नकोच.