व्हाउचरवरची साडी

आमच्याकडे सर्व्हिसला नवीन पोरगा आला की मी त्याला आधी विचारतो, "तुझ्या बॅगेची खूण काय?" पोरं हसतात. हसू देत. कोइम्बतूरला माझं जे हसं झालं, त्यापुढे हे काहीच नाही.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. तिथल्या एका सूतगिरणीत आमचं पॅकिंग मशीन बंद पडलेलं, म्हणून विमानाने पाठवलं. पाने, पक्कड केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, त्यामुळे सगळी हत्यारं चेक-इनच्या बॅगेत. उतरल्यावर बेल्टवर काळी बॅग दिसली, उचलली आणि टॅक्सी पकडली.

गिरणीच्या गेटवर सिक्युरिटीवाला रजिस्टर उघडून बसलेला. बाहेरून आत जाणाऱ्या प्रत्येक हत्याराची नोंद होते, नाहीतर परत येताना स्वतःचाच पाना चोरीचा ठरतो. मी ऐटीत चेन ओढली. आत पोपटी रेशमी साडी, तान्ह्या बाळाची झबली आणि मुरुक्कूचा, म्हणजे तिकडच्या चकलीचा डबा. सिक्युरिटीवाल्याने पेन तसंच धरून विचारलं, "टूल्स?"

एअरलाइनवर ढकलायचं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात मेंटेनन्सचे सुपरवायझर आले, पन्नाशीचे. त्यांना सरळ सांगितलं, "सर, चूक माझी आहे. दुसऱ्याची बॅग उचलली. दोन तासांत परत येतो. तोवर पॅनेल उघडून ठेवाल का?" मग साडीकडे बोट दाखवून म्हणालो, "याने मशीन सुरू होणार नाही." ते खो खो हसले आणि म्हणाले, "परवाइल्लै." अर्थ विचारावा लागला नाही. आपलीच 'पर्वा नाही' तिकडे जाऊन राहिलेली.

हा क्रम मात्र पाठ करा. आधी काय झालं ते, मग किती वेळ लागेल ते, आणि विनोद सगळ्यात शेवटी, तोही स्वतःवर. उत्पादनाची लाइन बंद पडलेली असताना समोरच्याच्या ऑपरेटरवर केलेला विनोद मी एकाला फार महागात पडलेला पाहिलाय. त्याच्या रिपोर्टवर संध्याकाळपर्यंत कुणी सही केली नाही.

बोर्डिंग पासला चिकटवलेल्या टॅगच्या तुकड्यावर नंबर असतो. तो घेऊन विमानतळावर परत गेलो. साडीवाल्या बाई माझी बॅग शेजारी ठेवून बसल्या होत्या. मी हात जोडले. त्यांनी आधी मुरुक्कूचा डबा उघडून पाहिला, मग माझ्याकडे.

बॅग आलीच नाही, तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर पीआयआर, म्हणजे बॅग न मिळाल्याची लेखी तक्रार भरून घ्या. बाहेर पडल्यावर तुमचं म्हणणं पटवणं फार अवघड जातं. एक शर्ट, चार्जर आणि मशीनचा छोटा नाजूक पार्ट हातातल्या बॅगेत हवा. पॉवर बँक तर चेक-इनला चालतच नाही.

मशीन रात्री आठला सुरू झालं. मी खाली वाकून बोल्ट आवळत होतो आणि सुपरवायझर मागून म्हणाले, "साप्टिंगळा?" मला फक्त 'साप' ऐकू आलं. पान्यासकट उडी मारून मी स्टुलावर. ते बिचारे जेवलास का विचारत होते! पुढच्या तीन वर्षांत त्या गिरणीतून जेव्हा जेव्हा फोन आला, तेव्हा नमस्काराऐवजी हाच शब्द आला. आणि एकदाही कुणी आवाज चढवला नाही.

बिलांचं म्हणाल तर टॅक्सीची पावती त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, आणि हॉटेलचं बिल कंपनीच्या नावाने, जीएसटी नंबर घालून घ्या. माझ्या प्रवासखर्चाच्या व्हाउचरवर एका दिवसात विमानतळ ते गिरणी अशा तीन फेऱ्या होत्या. कारणाच्या रकान्यात मी खरं तेच लिहिलं: 'साडी परत करण्यासाठी.'

चार दिवसांनी अकाउंट्सकडून व्हाउचर परत आलं. लाल पेनाने शेरा होता: 'कोणाची?'