कोलॅजनचा डबा घेण्याआधी या चुका टाळा

वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका गावात माझं लहानसं मेडिकल आहे. "ताई, ती कोलॅजनची पावडर आहे काजी?" असं विचारणाऱ्या बाया अलीकडे फार वाढल्या. मोबाईलवर पाहिलेलं असतं. मी डबा काढायच्या आधी म्हणते, मावशी, हात दाखवा. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी बघा, मग दंडाच्या आतली, ब्लाउजच्या बाहीखालची. दोन्हीचं वय एकच. पण वरची सुकलेल्या पऱ्हाटीसारखी रखरखीत आणि आतली अजून मऊ. मावशी हसतात आणि पदर ओढून घेतात.

कोलॅजन म्हणजे कातडीला आतून ताणून धरणारे प्रथिनांचे धागे, खाटेच्या नवारीसारखे. विशी सरली की ते दरवर्षी साधारण 1 टक्क्याने कमी होतात आणि पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत जवळपास 30 टक्के जातात. तेवढं वयाचं देणं आहे, ते कोणाला चुकत नाही. पण मनगट आणि दंड यांच्यात दिसतो तो फरक वयाचा नाही, उन्हाचा आहे. नवार उन्हात टाकून ठेवायची आणि नवीन नवारीसाठी पैसे मोजायचे, ही माझ्या मते सगळ्यात महागाची चूक.

ऊन म्हणजे फक्त मे महिना नव्हे

मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की दुपट्टा सगळेच बांधतात. श्रावणात निंदणाला जाताना मात्र डोकं उघडं, कारण आभाळ आलेलं असतं. कोलॅजन तोडणारे अतिनील-ए किरण ढगांतून येतात आणि काचेतूनही येतात. एखाद्या जुन्या एसटी ड्रायव्हरचे दोन्ही गाल नीट बघा, खिडकीकडचा उजवा जास्त सुरकुतलेला दिसण्याची शक्यता आहे. हे किरण कातडीत शिरले की धागे कातरणारी द्रव्यं वाढतात आणि नवीन धागे विणण्याचं काम मंदावतं.

सनस्क्रीन घ्याल तर एसपीएफ (उन्हापासून बचावाचा ट्यूबवरचा आकडा) 30 किंवा वरचं घ्या. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांब रेघ येईल एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. मटरच्या दाण्याएवढं लावून "काही उपयोग नाही" म्हणणारे खूप आहेत. पुन्हा दर दोन तासांनी लावायचं असतं, आणि घामाधुळीत वावरात ते कोण करणार? म्हणून मी कपड्याच्या बाजूची आहे. कापूस वेचायला जाताना साडीवर घरधन्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवतात ना, त्याला हसू नका. हातांसाठी त्याहून चांगलं माझ्या दुकानात काही नाही. फक्त झिरझिरीत, घामानं भिजलेला पातळ दुपट्टा पुरत नाही. दाट विणीचा, गडद रंगाचा घ्या आणि वर रुंद काठाची टोपी ठेवा.

लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजते आणि काळे डाग महिनोनमहिने राहतात.

गोरं करणारी क्रीम

ही चूक मला रोज काउंटरवर दिसते, म्हणून जरा लांबण लावते. ट्यूबवर क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. चिठ्ठीशिवाय ते मागू नये आणि कोणी देऊही नये. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, म्हणून जाऊ शेजारणीला सांगते आणि ट्यूब गल्लीभर फिरते. आत मात्र कोलॅजन बनणंच मंदावतं आणि कातडी कागदासारखी पातळ होते. मग लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, लव वाढते आणि उन्हात आग होते. बंद केली की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. महिनोनमहिने लावत असाल तर स्वतःच्या मनानं झटक्यात सोडू नका. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. सेवाग्रामच्या आणि नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात त्वचारोगाचा विभाग आहे.

खर्रा

पुरुषांना वाटतं, हा विषय बायकांचा. पण खर्रा म्हणजे घोटलेली सुपारी आणि तंबाखू. तंबाखूनं कातडीचं कोलॅजन घटतं, आणि खर्ऱ्यातली सुपारी तोंडात नेमकं उलटं करते. तिथे कोलॅजन नको तेवढं साचतं, त्याचे घट्ट पट्टे होतात आणि तोंड उघडेनासं होतं. पानठेल्यावर पन्नीत घोटून घेणाऱ्यांनी आरशासमोर आपलीच तीन बोटं उभी तोंडात घालून बघावीत. जात नसतील, तिखट सोसत नसेल किंवा तोंडातला छाला दोन आठवड्यांत भरला नसेल, तर दवाखाना गाठायचा. या पट्ट्यांतून पुढे कॅन्सर होऊ शकतो.

आणि तो डबा

पावडर पोटात गेली की इतर प्रथिनांसारखीच तुटते. ती सरळ गालावर जाऊन बसत नाही. थोडा फायदा दाखवणारे अभ्यास आहेत, पण त्यांतले बरेचसे कंपन्यांच्या पैशानं झालेले. शिवाय कोलॅजन गाईच्या, डुकराच्या किंवा माशाच्या कातडी-हाडांतून काढतात. माळकरी घरांनी लेबल वाचूनच घ्यावं. झाडात कोलॅजन नसतंच, त्यामुळे "व्हेज कोलॅजन" नावाच्या पाकिटात बहुतेक अमिनो आम्लं (प्रथिनांचे सुटे तुकडे) आणि क जीवनसत्त्व असतं. कोलॅजनच्या क्रीमचं तर काय सांगावं, तो रेणू इतका मोठा की कातडीतून आतच जात नाही. क्रीम ओलावा देते, तेवढंच.

शरीराला धागे विणायला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं. 55 किलोच्या बाईला दिवसाला साधारण 45 ग्रॅम प्रथिनं हवीत. पाणीदार वरणावर ती भागत नाहीत. मला हसू येतं ते याचं की वावरात सोयाबीन पिकतं, त्यात शेकडा 36 च्या वर प्रथिनं असतात, ते सगळं बाजार समितीत जातं आणि घरी प्रथिनांचा डबा येतो. भाजलेलं सोयाबीन दहा भाग दळणात एक भाग घाला, वरण घट्ट करा, चालत असेल तर अंडी खा. क जीवनसत्त्वाला एक आवळा किंवा एक पेरू पुरतो, नाहीतर दोन संत्री. मुरब्बा नको, शिजवण्यात ते बरंच उडतं.

हे सगळं सांभाळूनही सुरकुत्यांवर काही लावायचंच असेल, तर डॉक्टरांना ट्रेटिनोइन या चिठ्ठीवरच्या मलमाबद्दल विचारा. कोलॅजन वाढवल्याचा खरा पुरावा त्याच्यामागे आहे. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, मटरच्या दाण्याएवढंच, आणि पहिले काही आठवडे एक दिवसाआड. कातडी सोलवटेल, तेव्हा दिवसा ऊन टाळायचं. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर अजिबात नाही. दिवाळीला सुरू केलं तर फरक दिसायला होळी उजाडते. पंधरा दिवसांत ट्यूब परत करायला येऊ नका, उघडलेली ट्यूब मी घेत नाही.