केबिनच्या तुळईला पॅडिंग करताना या चुका टाळा

लाकडी ट्रॉलरच्या केबिनमध्ये ताठ उभं राहायची सोय नसते. बोट डोलली की खलाशाचं कपाळ तुळईवर. पॅडिंग हवंच, पण हाताला लागेल तो फोम नको.

सोफ्याचा फोम ही सगळ्यांची लाडकी चूक. तो पाणी पितो, आणि पाणी वाळलं तरी मीठ आतच राहतं. मीठ हवेतली ओल ओढत राहतं, त्यामुळे फोम कधीच कोरडा होत नाही. एका बोटीवर असा फोम रेग्झीनमध्ये गच्च गुंडाळला होता, टोकापासून टोकापर्यंत. डेकच्या बोल्टमधून पाणी झिरपत होतं, ते कुणाला दिसलंच नाही. कुबट वास सुटल्यावर शिवण उसवली, तर स्क्रूड्रायव्हर लाकडात बोटभर रुतला. तुळईच बदलावी लागली. म्हणून आधी बोल्टची गळती बंद करा. फोम पाणी न पिणारा घ्या, ईव्हीए (रबरासारखा लवचीक प्लास्टिक फोम) किंवा नायट्राइल रबर. तो तुळईच्या खालच्या बाजूला आणि दोन्ही अंगांवर दोन-दोन इंच वरपर्यंत लावला की पुरे. टोकांना वीतभर लाकूड उघडं ठेवा.

जाडी वाढवली की झालं, असं नाही. 10 मिमीचा फोम धारेवर चेपतो आणि डोक्याला लाकूडच लागतं. 40 मिमीचा लावला तर आजवर न लागणारी तुळई लागायला लागते. आधी रंध्याने कड चांगली गोल करा, 80 मग 120 नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, मग 20 मिमी लावा. कड गोल करायचा कंटाळा असेल त्याने हे काम सुतारालाच द्यावं.

दुसरी चूक घाईची. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, माणसं मोकळी, म्हणून शाकारलेल्या, म्हणजे पावसाळ्यासाठी झाकून ठेवलेल्या बोटीत भर पावसात सोल्यूशन (फोम चिकटवायचा गोंद) लावतात. सॉल्व्हंट उडताना थर गार पडतो, त्यावर दव धरतं आणि तो पांढुरका होतो. त्या दिवशी पट्टी घट्ट वाटते. केबिन तापली की लोंबते. पहिल्या पावसाआधी करा, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात. डिझेलची काजळी थिनरने पुसा, लाकूड आणि फोम दोन्हीकडे सोल्यूशनचा पातळ हात द्या आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, साधारण 10-15 मिनिटं. त्याआधी दाबू नका.

रेग्झीन ठोकायच्या साध्या लोखंडी पिना गंजतात, 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. थर्मोकोल सोल्यूशनने विरघळतो. वायर फोमखाली दडवू नका, पिन नेमकी तिच्यातच घुसते. स्टोव्ह आणि सायलेन्सरच्या पाइपाजवळ फोम नकोच, पेटला तर धूर विषारी. काळं रेग्झीन रात्री दिसत नाही, पिवळं घ्या. आणि ज्या तुळईला धरून माणसं उठतात, तिच्या बाजूला आधी धरायला दांडी बसवा. ओल्या हाताने रेग्झीन निसटतं.